न उतरवलेली दोरी

मित्रांनो, मी एक जुने धनुष्य आहे. खरे सांगायचे तर आता धनुष्याचे दोन तुकडे आहेत. पण मोडल्याचे मला दुःख नाही. ज्याच्यावर मोडायचे होते, त्याच्यावरच मोडले.

मी बांबूचे. एका म्हाताऱ्या कारागिराने मला तासले, शेकले आणि पहिल्यांदा माझ्यावर दोरी चढवली. मला न्यायला आलेली मुलगी म्हणाली, "आजोबा, किती छान वाकतं हो हे!"

"वाकायला काय, तारही वाकते पोरी. पण वाकली की तशीच राहते. वाकून पुन्हा सरळ होतं, त्याला लवचीक म्हणायचं. म्हणून सराव झाला की याची दोरी उतरवायची. सरळ व्हायला सवडच दिली नाहीस, तर हे सरळ होणं विसरेल."

मुलीने ते कधी चुकवले नाही. रोज दोरी उतरवून, मऊ कापडाने पुसून मला आडवे ठेवायची. बाण नेमका लागला की लोक तिला शाबासकी देत आणि ती माझ्या मुठीवर थोपटत असे.

तिचे सख्खे काका आमच्या धनुर्विद्या मंडळाचे चिटणीस होते. 'लवचीक' हा त्यांचा लाडका शब्द, पण तो ते नेहमी दुसऱ्यालाच लावीत. "आज तुझी वेळ माझ्या मुलाला दे गं, तू लवचीक आहेस." "सुट्टीत मैदान तूच झाडून घे. माणसानं कसं लवचीक राहावं!" ती मुकाट्याने मान हलवायची. मी मात्र काकांवर दात धरून होते.

मग एक दिवस त्यांनी मलाच नेले. कार्यालयात बडे पाहुणे यायचे होते, म्हणून दोरी चढवून मला भिंतीवर टांगले.

"काका, दोरी तरी उतरवा ना."

"उतरवली की नुसती काठी दिसते! निवड चाचणीच्या दिवशी देतो परत. तोवर मंडळाचं एखादं घे. जरा लवचीक हो."

कित्येक महिने मी तसेच ताणलेले राहिले. आधी पाठ दुखली. मग दुखायची थांबली, ते जास्त वाईट होते. पाहुणे म्हणत, "वा, काय डौल!" आणि माझ्या पाठीत आतल्या आत एक बारीक चीर वाढत होती.

निवड चाचणीच्या दिवशी संघात एकच जागा उरली होती. मुलीने मला ताणले. बाण लक्ष्याच्या अलीकडेच जमिनीत रुतला. दुसराही तसाच. चीर तिच्या हातात उघडू नये, म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते.

"काका, यात जीवच उरला नाही," ती म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं! आण इकडे." सगळ्यांसमोर काकांनी मला हिसकावले, छाती फुगवली आणि दोरी थेट कानापर्यंत ओढली.

मित्रांनो, याच क्षणासाठी मी तग धरला होता. मी चीर सोडून दिली. फाडकन आवाज झाला आणि माझा वरचा तुकडा काकांच्या नाकावर असा बसला, की चष्मा एकीकडे आणि काका दुसरीकडे!

परीक्षक बाईंनी तुकडा उचलून पाहिला. "किती दिवस ताणलेलं होतं हे?"

काका नाक धरून चष्मा शोधू लागले. शेवटी त्यांचा मुलगाच बोलला. "बाबांच्या कार्यालयात टांगलेलं होतं. कित्येक महिने." मग त्याने आपले धनुष्य पुढे केले. "ताई, माझं घे."

"हिची पाळी पुन्हा घ्या," बाई म्हणाल्या.

ती जागा तिलाच मिळाली. मला वाटले, आता ती काकांकडे बघून हसेल. पण ती माझे तुकडे मांडीवर घेऊन रडत बसली. सूड घेताना हे काही माझ्या मनात आले नव्हते.

तरीही सांगते, मला पश्चात्ताप नाही. काकांचे नाक अजून वाकडे आहे. ते काही लवचीक निघाले नाही.

मित्रांनो, जी वस्तू तुमच्यासाठी वाकते, तिचा ताण काम झाल्यावर उतरवा. माणसांचेही तेच. आणि कोणी उठसूट तुम्हाला 'लवचीक हो' म्हणाले, तर मान हलवण्याआधी एवढेच विचारा, "आणि परत सरळ कधी व्हायचं?" जो उत्तर देताना चाचरेल, त्याच्या हाती आपली दोरी देऊ नका.