पेटंल की!

“दाबू नगं! फिरतीय अजून ती.”

आकारामआबांनी हटकलं तशी उत्कर्षाने स्टार्टरवरचा हात मागे घेतला. लाईट जाऊन आली होती. पाइपात चढलेलं पाणी माघारी नदीकडे येत होतं आणि बंद पडलेला पंप त्या पाण्याने उलटा घरघरत होता. अशात बटण दाबलं तर मोटर जळते, हे तिलाही लहानपणापासून ठाऊक. पण आज चित्त थाऱ्यावर असेल तर ना!

आबांचा एक डोळा कधीचाच गेलेला. दुसऱ्याचं कालच सांगलीत ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. तरी लेकीचा हात धरून पंपावर आलेच. घरात स्वस्थ बसले तर ते आबा कसले!

“ध्यान कुठं हाय तुजं?”

“कुठं न्हाई, आबा.”

ध्यान बंगळुरूत होतं. उद्या सकाळी तिथे पृथ्वीराज नावाचा वैमानिक विमान वर नेऊन त्याचं एकुलतं एक इंजिन चाचणीसाठी मुद्दाम बंद करणार होता. बंद इंजिनही समोरच्या वाऱ्याने फिरत राहतं, या पंपासारखंच. त्या फिरत्या पात्यांमधून पुरेशी हवा आत गेली तर ते पुन्हा पेटतं. नाही गेली, तर तरंगत धावपट्टी गाठायची, नाहीतर उडी टाकायची. हवा किती जाईल, ते आधीच सांगायचं काम तिथल्या इंजिनिअर उत्कर्षाचं. आबांच्या ऑपरेशनसाठी ती सुट्टीवर आली होती.

बैठकीत ती शहाण्यासारखं “बहुधा” म्हणाली होती. पण बाहेर पृथ्वीराजने गाठलं. “मॅडम, तुमी आष्ट्याच्या, आमी खंडाळ्याचे. खरं सांगा, पेटंल न्हवं?”

आपल्या बोलीत विचारलेलं. तिच्या तोंडून निघून गेलं, “पेटंल की!”

खरं तर ठरावीक उंचीपर्यंतचंच मोजलेलं होतं. उद्याची चाचणी त्याहून वरची, तिथला सगळा अंदाज. त्या दोन शब्दांनी तेव्हापासून तिची झोप उडवली होती. ती बांधावर गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी तिने पृथ्वीराजला फोन लावलाच.

“मी पेटेल म्हणाले, ते धरू नका. वरच्या उंचीवर हवा किती जाईल, मला माहीत नाही.”



“मग म्हणालात कशाला?”

“तुमच्यापुढं न्हाई म्हणवलं न्हाई.”

“तुमच्या भरवशावर मी आईला सांगून बसलोय, काळजी करू नगं म्हणून. ठीक हाय. मोजलंय तेवढ्याच उंचीवर बंद करतो. साहेबांना तुमीच सांगा.”

तिने फोन केला तसे साहेब भडकले. आदल्या दिवशी सुचतं का हे? पुढचं काम दुसरं कुणी बघेल, म्हणाले आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांची मेहनत अशी एका वाक्यात हातची गेली. उत्कर्षाला रडू आलं आणि हायसंही वाटलं.

पंप कधीच थांबला होता. आबांनी सगळं ऐकलं होतं.

“उत्कर्षा, उद्या पट्टी सुटली की दिसंल न्हवं गं?”

कालपासून त्यांनी किती वेळा विचारलं होतं आणि दर वेळी ती “दिसंल की” म्हणाली होती. डॉक्टरांनी मात्र तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आतला पडदा फार खराब आहे, खात्री देता येत नाही. आताही तेच उत्तर ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

“सांगता येत न्हाई, आबा. डॉक्टर बी तसंच म्हनले.”

आबांनी मान खाली घातली. तिने त्यांचा हात घट्ट धरला. ऊस सळसळत राहिला.

थोड्या वेळाने आबांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“सर जरा. आज मी दाबतो.”

ते भिंत चाचपत निघाले. बोटं खिळ्यावर अडली, वायरवर गेली, पुन्हा मागे आली. उत्कर्षाचा हात पुढे झाला होता. तिने तो आवरला. आबांना स्टार्टर सापडला. त्यांनी दोन्ही बटणांवरून अंगठा फिरवला, वरच्या, चालू करायच्या बटणावर थांबवला आणि दाबलं.

पाणी वर चढू लागलं.