लोर्नासाठी खोली

मित्रांनो, मी पाण्याची टाकी आहे. चौकोनी, लोखंडी, वरून जस्ताचा मुलामा दिलेली. आता माझ्या अंगावर गंजाचे डाग पडले आहेत आणि एक कोपरा चेपला आहे. यॉर्कशायरमधल्या एका चढाच्या गल्लीत, धुराने काळ्या पडलेल्या दगडी घराच्या मागच्या अंगणात मी बसलेली असते. पण माझे आयुष्य अंगणात गेले नाही. ते याच घराच्या माळ्यावर, छपराखालच्या अंधारात गेले.

कारखान्यात पत्रा वाकवून, खिळे ठोकून मला घडवले आणि वितळलेल्या जस्तात बुडवून काढले. तेव्हा मी चांदीच्या भांड्यासारखी चकाकत होते. या घरात नुकतेच न्हाणीघर झाले होते. मला माळ्यावर न्यायला शिडीवरून वर यायचे छतातले झडपेचे दार लहान पडले, म्हणून छपराची दगडी कौले काढून मला आत उतरवले आणि कौले पुन्हा बसवली. अंधार झाला. मग नळीतून गार पाणी आले आणि मी कामाला लागले.

घराची मालकीण मेव्हिस हॉर्सफॉल आणि तिचा नवरा अर्नॉल्ड. अर्नॉल्ड बस चालवी. मी त्यांना कधी नीट पाहिले नव्हते. मी त्यांना पाण्यावरून ओळखत असे. पहाटे थोडेसे पाणी गेले की समजायचे, अर्नॉल्ड दाढी करतो आहे. शनिवारी दुपारी टबभर पाणी गेले की ती मेव्हिस. पुढे त्यांना मुलगी झाली, लोर्ना. ती मोठी झाल्यावर मला अर्धी रिकामी केल्याशिवाय तिची अंघोळ संपत नसे. खाली अर्नॉल्ड दार वाजवी. "अगं, मासा होशील आता!" लोर्ना आतून म्हणे, "झालेच आहे मी!" आणि आणखी पाणी सोडी. मला तो आवाज फार आवडे. माझा तरंगता गोळा खाली जाई, झडप उघडे आणि मी पुन्हा भरू लागे.

एका कडक हिवाळ्यात सगळ्या गल्लीच्या नळ्या गोठून फुटल्या. तेव्हा मेव्हिसने शिडीवरून वर येऊन आपल्या लग्नातली गोधडी माझ्याभोवती गुंडाळली. "तू तरी नीट राहा गं," असे ती म्हणाली. मी फुटले नाही. नळवाला म्हणाला, "अशा टाक्या आता बनत नाहीत." माझ्या आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच, पण मला ते पुरले.

लोर्ना शिकायला दक्षिणेत गेली, तिकडेच नोकरी लागली, तिकडेच लग्न झाले. मेव्हिस आजारी पडली तेव्हा घरात नवा बंब बसवला. तो रस्त्याच्या नळाचे पाणी थेट तापवतो, त्याला टाकी लागत नाही. माझे पाणी काढून टाकले, नळ्या कापल्या. झडपेच्या दारातून मी निघेना, म्हणून मला तिथेच सोडून दिले. त्यानंतर मेव्हिस गेली, हे मला पाण्यावरून कळले नाही. शिडीवरून अर्नॉल्ड वर आला, नाताळच्या सजावटीची खोकी माझ्या झाकणावर ठेवली आणि बराच वेळ नुसता उभा राहिला. त्यावरून मला कळले.

रिकाम्या टाकीत आवाज घुमतो. त्यामुळे खालचे सगळे मला पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येऊ लागले, पण ऐकण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. टीव्ही. किटली. रविवारी फोन. फोनवर अर्नॉल्ड मोठ्याने बोलत असे, म्हणून लोर्नाचे काय चालले आहे ते मला अर्धे कळे. तिचा नवरा घर सोडून गेला होता. दोन मुली, टिली आणि बेथ, घेऊन ती भाड्याच्या घरात राहत होती. एका नाताळात ती इथे आली होती. तिला आणि मुलींना तिच्या जुन्या छोट्या खोलीत दाटीवाटीने झोपावे लागले. निघताना दारात ती म्हणाली, "इथे जागा असती ना डॅड, तर आम्ही आलोच असतो तुझ्याकडे."

मित्रांनो, हे एकच वाक्य. ती बोलून गेली आणि गाडीत बसली. अर्नॉल्ड मात्र ते वाक्य धरून बसला.

वसंतात त्याने क्लेग नावाच्या बांधकामवाल्याला वर आणले. क्लेगने तुळयांवरून पाय सांभाळत माळा मोजला आणि चहाचा मग माझ्या झाकणावर ठेवला.

"खोली होईल," तो म्हणाला. "मागचं छप्पर उचलून घ्यायचं, पोलादी तुळया टाकायच्या, खिडक्या, आतून गरम अस्तर. छोटंसं न्हाणीघरही बसेल. पण मिस्टर हॉर्सफॉल, नवं घर बांधणं सोपं असतं. जुन्या घरावर खोली चढवायची म्हणजे घर आधीच उभं असतं, हीच अडचण."

"आकडा सांगा."

"अठ्ठेचाळीस हजार पौंड. तुळई कुजकी निघाली तर वर आणखी. शिवाय जिना आला की कायदा येतो. खालची सगळी दारं बदलून आगीला टिकणारी बसवावी लागतील."

मेव्हिसच्या विम्याचे पैसे अर्नॉल्डने हात न लावता ठेवले होते. बाकीसाठी समुद्रकाठची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, होती. दर उन्हाळ्यात ती दोघे तिथे जात असत. ती विकावी लागणार होती.

"जिना कुठून काढणार?" त्याने विचारले.

"एकच जागा आहे. ती मधली छोटी खोली. तिचा अर्धा भाग जाईल, उरलेल्यात पलंग मावणार नाही."

"ती लोर्नाची खोली."

"पण दुसरीकडून होत नाही."

क्लेगने चहाचा मग उचलला, पण चहा प्यायला नाही. "एक विचारू? मुलगी येणार हे नक्की ना? तिला विचारलंत?"

"तिनंच म्हटलंय," अर्नॉल्ड म्हणाला. "आणि तिला सांगू नका कुणी. झाल्यावर बघू दे."

दोन घरांत भिंत एकच, म्हणून शेजारणीची संमती लागणार होती. ती नसरीन. शाळेत मुलांना जेवण वाढण्याचे काम करते आणि कुणाची भीड ठेवत नाही. भिंतीला कुठे भोके पडणार ते पाहायला ती स्वतः शिडी चढून वर आली. ओढणी खोचून तिने भिंतीवर टॉर्च मारला.

"सही देते, अर्नॉल्ड. पण माझ्या भिंतीला तडा गेला तर तुम्हालाच रंगवायला बसवीन."

"बसव."

"आणि खरं सांगा. हे ती येणार म्हणून चाललंय, की ती येत नाही म्हणून?"

"तुझा टॉर्च डोळ्यात येतोय," अर्नॉल्ड म्हणाला. नसरीनने टॉर्च खाली केला.

काम सुरू झाले. मागचे छप्पर उघडले आणि इतक्या वर्षांनी मी आकाश पाहिले. गडी मला यंत्राने कापायला निघाले, कारण तुकडे करून नेणे सोपे होते. अर्नॉल्ड धापा टाकत वर आला. "कापू नका ती. माझी बायको हिच्या पाण्यानं न्हायलेली आहे." गडी एकमेकांकडे पाहू लागले. मग दोर लावून, परांचीवरून सांभाळत, त्यांनी मला अंगणात उतरवले. तेव्हाच माझा कोपरा चेपला. स्वयंपाकघराच्या भिंतीशी मला ठेवले आणि नव्या छपराच्या पावसाच्या पाण्याची नळी माझ्यात सोडली. मला पुन्हा पाणी मिळाले.

अंगणातून मला माणसे दिसू लागली. अर्नॉल्ड मला वाटला होता त्यापेक्षा बुटका निघाला. त्या उन्हाळ्यात मी त्याला आनंदात पाहिले. सकाळी गडी यायच्या आत तो डुकराचे खारे मांस भाजून, पावात घालून तयार ठेवी. कुणाच्या चहात किती साखर, हे त्याला पाठ झाले. घरभर धूळ होती, भिंतीचा गिलावा पडत होता, आणि तो शीळ घालत फिरत होता. तुळई खरोखरच कुजकी निघाली. क्लेग वाढीव खर्च सांगायला आला तेव्हा अवघडून गेला होता. अर्नॉल्ड म्हणाला, "असू दे. चहा घेतोस?"

मग काम संपले. परांची निघाली, गाडी भरली, गडी हात हलवत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याने सवयीने पाव भाजायला घेतले. ते त्याने पक्ष्यांना घातले.

थोड्या दिवसांनी क्लेग पुन्हा आला. वरचे दार अडकते, असा अर्नॉल्डचा फोन गेला होता. क्लेग वर जाऊन आला आणि अंगणात येऊन बसला. "दार ठीक आहे," तो म्हणाला.

"काल अडकत होतं."

"दमट हवेनं होतं असं." क्लेगने चहा घेतला, बसची, फुटबॉलची चौकशी केली आणि बराच उशिरा उठला. "पुन्हा अडकलं तर सांगा," असे म्हणून गेला. त्याने त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

शरद ऋतूच्या सुट्टीत लोर्ना मुलींना घेऊन आली. वर काय झाले ते मी पाहिले नाही. मुलींचे पाय धावताना ऐकू आले, मग खिडकी उघडून टिली ओरडली, "इथून सगळं गाव दिसतं!" थोड्या वेळाने लोर्ना एकटीच अंगणात आली. माझ्या काठावर तिने दोन्ही हात टेकवले. माझ्या पाण्यात तिचा चेहरा पडला आणि मी तिला पहिल्यांदा पाहिले. माझ्या डोक्यात तर ती अजून मासा होणारी पोर होती.

अर्नॉल्ड मागून आला. "आवडली नाही का?"

"सुंदर आहे, डॅड."

"मग? कपाटं अजून व्हायचीत. तुझ्या पसंतीनं करू म्हटलं."

"डॅड, माझी तिथे नोकरी आहे. मुलींची शाळा आहे. त्यांचा बाप दर रविवारी त्यांना भेटतो. मी कशी येऊ?"

"तू म्हणाली होतीस. जागा असती तर."

"म्हणाले होते." ती वळली. "जागा नव्हती म्हणून म्हणाले. जागा नव्हती म्हणूनच म्हणू शकले. तू दारात एकटा उभा होतास, आणि मला काहीतरी बोलायचं होतं रे."

अर्नॉल्ड माझ्यातल्या पाण्यात पडलेले एक पान काढत राहिला.

"कॅराव्हॅन विकलीस?"

"तिचं छप्पर गळत होतं."

"मला फोनवर एकदा सांगायचंस ना."

"तू नको म्हणाली असतीस."

"हो," लोर्ना म्हणाली. "म्हणाले असते."

दोघेही रडली नाहीत. इकडची माणसे अंगणात रडत नाहीत. लोर्नाने त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली आणि दोघे आत गेली. सुट्टी संपली, गाडी गेली, आणि हिवाळा लागला. त्या हिवाळ्यात वरच्या खिडकीत मी एकदाही दिवा पाहिला नाही.

पण मित्रांनो, हकिगत इथे संपत नाही. पुढच्या उन्हाळ्यात लोर्नाने मुलींना एकट्याच आजोबांकडे पाठवले. अर्नॉल्डने वर नव्या चादरी घातल्या, फुले ठेवली. पहिल्याच संध्याकाळी मुली तक्रार करत खाली आल्या. छपराखालची खोली उन्हाने भट्टी झाली होती. दोघींनी गादी ओढत जिन्यावरून खाली आणली आणि बैठकीच्या खोलीत, आजोबांच्या खुर्चीच्या पायाशी टाकली. "आजोबा, तुम्हीही इथेच झोपा," बेथ म्हणाली. त्यानंतर सगळे दिवस ती तिघे त्या एकाच खोलीत राहिली. अर्नॉल्ड खुर्चीतच घोरे आणि मुली हसत. उघड्या खिडकीतून ते हसणे माझ्यापर्यंत येई. मेव्हिस गेल्यापासून या घरात मी तसे काही ऐकले नव्हते.

मुली परत गेल्यावर अर्नॉल्ड माझ्यातले पाणी झारीत घेऊन कांद्याच्या पातीला घालत होता. नसरीन भिंतीवरून डोकावली.

"गेल्या का पोरी? फार शांत वाटतंय."

"गेल्या. नाताळात येतो म्हणाल्या."

"म्हणजे वरच्या खोलीचा उपयोग झाला म्हणायचा."

अर्नॉल्डने झारी खाली ठेवली. "नाही झाला. तिघं बैठकीतच झोपलो. जागा होतीच खाली. आधीपासून होती."

नसरीनने भिंतीवर कोपर टेकवले. "मग वरती काय करणार?" तिने विचारले.

"कपडे वाळतात तिथे. छान वाळतात." तो जरा हसला. "तुझ्या चादरी असतील तर दे. पावसाळी हवेत कुठे वाळत घालतेस?"

ती हसली नाही. आत गेली आणि ओल्या चादरींची टोपली भिंतीवरून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "न्यायला मी स्वतः येईन हं, संध्याकाळी. चहा ठेवा."

मित्रांनो, मी एक गंजलेली टाकी आहे, माझ्या सांगण्याला फार किंमत देऊ नका. आम्हा टाक्यांना कुणी रंग लावला, झाकण घातले, की आम्ही आणखी बरीच वर्षे टिकतो. माणसांना त्याहून थोडे जास्त लागते. तुमच्याही ओळखीत कुणीतरी दारात उभे राहून तुम्हाला निरोप देत असेल. त्याच्यापाशी गोड वाटेल म्हणून काहीबाही बोलू नका, तो ते खरे धरून छप्पर उचलेल. त्यापेक्षा त्याच्या घरात असेल त्या खोलीत जा, असेल त्या गादीवर बसा. खोली लहान असली तरी चालेल. गेलात मात्र पाहिजे.