पुनवेचं पाणी

जीना बुडाली त्याला नऊ दिवस झाले, तरी मबरूकाला रडू आलं नव्हतं. सख्खी धाकटी बहीण. दोघी गाबेसच्या आखातात ओहोटीला चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या काढायला जात. पुनवेला पाणी फार लांब हटलं, म्हणून त्याही लांब गेल्या. भरती लागली तेव्हा पाठीमागचा चर आधी भरला. मबरूका छातीभर पाण्यातून अलीकडे आली. जीना टोपलीसाठी मागे वळली होती.

तेव्हापासून मबरूका जेवत होती, झोपत होती, भेटायला येणाऱ्यांना कॉफी देत होती. कुणी गळ्यात पडून रडलं, की चुलीवर काही लागलं तर नाही ना, एवढंच तिच्या मनात येई.

दहाव्या दिवशी सकाळी तिने तिसऱ्या उकरायचा विळा उचलला. दारात जीनाची सासू अलजिया उभी.

"निघालीस? लाज कशी वाटत नाही गं? समुद्र कोपलाय. शुक्रवारी जाऊ नका म्हणून घसा कोरडा केला मी!"

"समुद्र कोपत नाही, मावशी."

"मग माझी सून कुणी नेली?"

मबरूकाचे वडील उथळ पाण्यात झावळ्यांचे कूड रोवून मासे अडवत. त्यांनी सांगितलेलं ती पाढे म्हटल्यासारखं सांगू लागली. "चंद्र पाण्याला ओढतो. त्याच्या समोर पाणी फुगतं, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगालाही फुगतं. पृथ्वी फिरते, तसे आपण दिवसात दोन्ही फुगवट्यांखालून जातो. म्हणून दोनदा भरती. पुनवेला नि अवसेला सूर्यही जोर लावतो, मग उधाण."

"म्हणजे ठरलेलंच होतं?"

"हो. पुढच्या पुनवेचंही ठरलंय."

अलजिया उंबऱ्यावर बसली. "कुणाचा राग नव्हता?"

"नाही."

"राग असता तर बरं होतं गं. माफी तरी मागितली असती. आता भांडू कुणाशी?"

"माझ्याशी भांडा. पुनव आहे, माल भरपूर मिळेल, असं मीच म्हणाले. मीच तिला लांब नेलं."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आता थोबाडीत बसेल म्हणून ती वाट पाहत राहिली. म्हातारी उंबऱ्यावरून उठली.

"खाल्लंस का काही?"

"नाही."

अलजिया आत गेली, भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून घेऊन आली. मबरूकाने तो उभ्यानेच चावला. चव लागली नाही, पण गिळला.

मग दोघी किनाऱ्यावर गेल्या. पुनव मागे सरली होती, आज पाणी फारसं हटलंच नव्हतं. मबरूका चिखलात वाकली. अलजिया वाळूत बसून पाण्याकडे बघत राहिली, आणि तासाभराने ओरडली, "पुरे झालं, ये आता!"

मबरूका आली.