माझ्यावर कुणी बसेना तेव्हा
मी बाक बोलतोय, तीन मजली इमारतीच्या दारातला. तळमजल्यावरच्या सुतारकाकांनी जुन्या दाराच्या फळ्यांतून मला घडवलं. "घ्या, बसा आता दिवसभर!" असं ते बायकांना म्हणाले, आणि बायका खरंच बसल्या.

भाजी निवडायची, गप्पा हाणायच्या आणि एक डोळा पोरांवर ठेवायचा. कुणाचं पोर कुणाच्या मांडीवर झोपलंय, याचा पत्ताच नसे. वरच्या मजल्यावरची शिलाईवाली कामाला निघाली की आपल्या लेकीला, चिमीला, माझ्यावर बसवून जाई. "मावशी, बघाल ना?" एवढं म्हटलं की झालं.

मग जवळचा कारखाना दूर हलला. एकेक बिऱ्हाड उठलं. दारातला दिवा फुटला, तो कुणी बदलला नाही. नवे भाडेकरू मान खाली घालून जिना चढत. माझ्यावर नुसती धूळ बसू लागली.

शिलाईवालीचा नवरा काम शोधायला गेला, तो गेलाच. चार वर्षांची चिमी दिवसभर कुलपाआड राहू लागली. संध्याकाळी वरून आरडाओरडा ऐकू येई, मग फटका, मग रडणं. लोक आपापली दारं लावून घेत. पुढे पुढे तर चिमीचं रडणंही थांबलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

एका रविवारी तळमजल्यावर नव्यानं आलेल्या नर्सबाई चपलेचा पट्टा लावायला माझ्यावर टेकल्या. तेवढ्यात चिमी खाली आली. दंडावर काळेनिळे वळ.

"काय झालं गं?"

"मी दूध सांडलं."

नर्सबाईंनी तिच्या आईला हाक मारली. ती आली ती फणकाऱ्यातच. "तुम्हाला काय करायचंय?"

"आधी बस."

ती बसली. मग तिला रडू फुटलं. "दिवसभर माझ्याशी कुणी धड बोलत नाही हो. घरी आले की हात सुटतो. मग स्वतःचीच लाज वाटते."

"परत हात उठला तर मी तक्रार करीन, तोंडावर सांगते. पण उद्यापासून पोरगी माझ्याकडे सोड. कुलूप नको."

सुतारकाका दारात उभे होते. "मला रोज ऐकू येत होतं," ते हळूच म्हणाले. "माझी ड्यूटी असेल तेव्हा तुम्ही सांभाळा," नर्सबाई म्हणाल्या. काकांनी मान डोलावली.

चिमी आता शाळेत जाते. आई अजूनही चिडते, पण आवाज चढायला लागला की स्वतःच खाली येऊन नर्सबाईंजवळ बसते. तिचा हात मात्र परत उठलेला नाही.

माझी एक फळी किडली आहे, मी फार दिवस टिकेन असं नाही. जाता जाता एवढंच सांगतो. भिंतीपलीकडून लेकराचं रडणं ऐकू आलं, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. उठा आणि दार वाजवा.