मासळीवालीचे डोळे

बाहुलीच्या बुबुळातला पांढरा ठिपका पाव मिलिमीटरचा असतो. तो नसला तर चेहरा मेलेला वाटतो, जरा सरकला तर नजर चकणी होते. बाहुली वीतभर असली तरी चूक चेहराभर दिसते.

शनिवारी दुपारी मी तो ठिपका पुन्हा पुसला. एनॅमल रंगाची हीच सोय आहे. थिनरमध्ये बुडवलेल्या काडीने तो निघतो आणि खालच्या रंगाला धक्का लागत नाही. मी खिडकी लावली, उघडली, दिवा जवळ ओढला. रंग दाट झालाय म्हणावं, तर तो मीच पातळ केला होता. थंडीने म्हणावं, तर मे महिना. उजवा हात हिवाळ्यापासून थरथरत होता. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. तोमोएला मात्र मी काहीच सांगितलं नव्हतं.

तोमोए माझी कॉलेजची मैत्रीण. निप्पोनबाशी पेठेच्या मागच्या गल्लीत आम्ही दोघींनी ही खोली घेतलीय. बाजारातून आणलेल्या सैनिक-बाहुल्या ती कापते, खांदे तासते, सांधे बदलते; मी रंगवते. सैनिकाची टपालवाली होते, न्हावी होतो. उद्याच्या प्रदर्शनात मासळीवाली मांडायची होती. आमच्या टेबलाशी लोक डोळे बघायला थांबतात. डोळेच माझ्या हातून गेले तर मी तिथे कशाला उभी राहू?

तोमोए ताकोयाकीचा, ऑक्टोपस घातलेल्या गरम गोळ्यांचा, डबा घेऊन आली.

"झाली का गं मासळीवाली? की मासे नासल्यावर बाजारात येणार?"

"हात लावू नकोस, ओलं आहे."

"सकाळीही ओलंच होतं."

तिने बाहुली कमरेला धरून उचलली. डोकं सुटून टेबलावर गडगडलं. मानेची खुंटी मधोमध तडकली होती.

"एबीएस प्लॅस्टिकवर थिनर! तडकणारच ते!" ती म्हणाली. "अगं, नवशिकी पोरंसुद्धा हे करत नाहीत. आणि तू रसायनशास्त्रवाली?"

"घाईत ओघळलं असेल."

"एकदा ओघळून तुटत नाही. किती वेळा पुसलंस?"

मी ब्रश आवरायला लागले.

"आणि डोकं धडावर कशाला ठेवलंस? तू तर ते आधी काढून काडीला लावतेस. मी विसरले की माझा उद्धार करतेस."

काडीवरचं डोकं हातात फिरतं. अख्खी बाहुली मुठीत आवळून टेबलाच्या कडेला टेकवली, की हाताला आधार मिळतो. हे तिला सांगावं लागलं नाही. ती माझ्या हाताकडेच बघत होती.

"हिसानो, हात दाखव."

"रंग लागलाय."

"दाखव ना बाई."

मी हात टेबलावर ठेवला. बोटांतला ब्रश रंगाच्या बशीवर टकटकत राहिला. तोमोएने बारीक ड्रिल काढलं.

"मानेत पितळी तार घालते. संध्याकाळपर्यंत उभी राहील. डोळ्यांचं तू सांग. छापील चिकटवू?"

"छापील नकोत."

"मग?"

"तू रंगवलेले डोळे दचकलेले असतात."

"असू देत की! भाव ऐकून गिऱ्हाईक दचकतं. एकदा मासळीवाली दचकली तर काय बिघडलं?"

हसू आलं नाही. ताकोयाकी निवत होते. मी ब्रश पुसला आणि दांडा तिच्याकडे करून पुढे धरला.

"डोळे तू रंगव," मी म्हणाले. "हेच नाही. यापुढचे सगळेच."