मंजूर केलेलं पत्र

दिनकरभाऊ आठवतो तो आधी आवाजातून. आळेफाट्यावरच्या गॅरेजच्या माळ्यावर, खाली ट्रकच्या पत्र्यावर हातोडे पडत असताना, वर त्याच्या कीबोर्डवर चाललेली ती सलग, निःशंक टकटक. आणि हिवाळ्यातल्या कलत्या उन्हात मॉनिटरचा निळसर प्रकाश चेहऱ्यावर घेऊन बसलेला तो, श्वाससुद्धा बेताने घेणारा. त्याच माळ्यावर मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो.

निरगुडसरच्या शेतकरी घरातल्या या माणसाने संगणकावर मराठी लिहिण्या-छापण्याचा प्रोग्रॅम एकहाती रचला आणि कोडसकट सगळ्या जगाला मोफत खुला केला. त्याची बोटं चालताना पाहणं हा माझ्या त्या वर्षांतला निखळ आनंद होता. पण त्याच बोटांतून माणसांसाठी जे शब्द उमटत, ते सालटी काढणारे असत. "कोडला भावना नसत्यात, राव," तो म्हणे आणि आम्ही कौतुकाने हसायचो. एवढा गुणी माणूस, तोंडाचं काय घेऊन बसायचं, असं मीच चारचौघांत सांगायचो.

वापरणाऱ्यांचा एक ई-मेलचा गट होता. त्यावरचं प्रत्येक पत्र आधी माझ्याकडे येई. मी 'मंजूर' केलं की मगच ते सर्वांना जाई. बेल्ह्याच्या शिक्षिका नंदाताई त्या गटात होत्या. शाळा सुटल्यावर, निव्वळ हौसेने, त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका लिहीत होत्या, कुणालाही समजेल अशा सोप्या मराठीत. एकदा त्यांनी कळवलं की छापताना प्रत्येक पानाची शेवटची ओळ गळते. भाऊचं उत्तर आलं: 'कागद सरळ लावता येत नसेल तर चूल सांभाळा. इथे जाणत्यांना काम करू द्या.'

मी ते तीनदा वाचलं. खिडकीतून कांद्याच्या गोण्यांचा उग्र दर्प येत होता, नाशिककडे जाणारी एसटी चौकात करकचून थांबली होती आणि भाऊ माझ्याकडे पाठ करून चार हातांवर बसला होता. हे जरा मऊ कर, एवढंच म्हणायचं होतं. पण तो रुसला, काम अर्धवट टाकून उठला, तर ते पुढे नेणारं दुसरं कोण होतं? मी मंजूर केलं.

ओळ खरोखरच गळत होती. भाऊने दुसऱ्याच दिवशी ती चूक दुरुस्त केली, फार देखण्या रीतीने. चूक दाखवणारी म्हणून नंदाताईंचं नाव मात्र कुठेच घातलं नाही. त्यांचं पत्र पुन्हा कधी आलं नाही. पुस्तिका सातव्या प्रकरणापाशी थांबली, ती थांबलीच.

दोन उन्हाळे गेल्यावर त्या मला फाट्यावर एसटीची वाट पाहताना भेटल्या. मी घाईघाईने भाऊच्या वतीने माफी मागू लागलो. त्यांनी पदर सावरत मला शांतपणे थांबवलं.

"त्यांचं जाऊ द्या, सर. त्यांचा सोभावच तसा व्हता. पण ते पत्र पुढं तुमीच धाडलं ना?"

मी काही बोलेपर्यंत गाडी लागली आणि त्या चढल्या.

भाऊ पुढे पुण्याला गेला, माळ्यावर आता टायरी रचलेल्या असतात. काळाने त्याच्या शब्दांची धार घालवली, त्याच्या कौशल्याचं अप्रूपही ओसरवलं; नंदाताईंचा तो प्रश्न तेवढा कोवळ्या उन्हासारखा ताजा राहिला आहे. अजूनही आठवणीत मी उत्तर द्यायला तोंड उघडतो, आणि दर वेळी एसटी निघून गेलेली असते.