वेग नव्वद

मित्रांनो, मी एक जुना आवाज आहे. मला घसा नाही, जीभ नाही. तरी संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं मी बोलून दाखवतो. मला घडवताना कुणा माणसाचा गळा वापरला नाही, नुसत्या आकड्यांतून मी झालो. म्हणून थोडा पत्र्यासारखा वाजतो.

उंब्रजला मी आलो तो एका वापरलेल्या लॅपटॉपमधून. अंकिता तेव्हा चौथीत होती. तिला जन्मापासून दिसत नाही. तिच्या आईनं, संयोगितानं, दोन दिवस खपून माझी मांडणी केली. वेग ठेवला शंभरात तीस, शेजारी बसून तिलाही सगळं ऐकता यावं म्हणून. लेक काय वाचते, कुठं अडते, यावर तिचा सारखा कान असायचा. मी एकेक शब्द सावकाश बोलायचो; ती भाजी निवडता निवडता मान हलवायची आणि माझं कौतुक करायची. अंकिता मात्र जांभया द्यायची.

सहावीत नवा, गोड आवाज आला. आजी हरणाबाई म्हणाल्या, "आता कसं माणसावानी बोलतंय. आदीचं म्हंजे पत्र्यावर खडं वतल्यागत हुतं."

मी आवाजांच्या यादीत तळाला गेलो. वर्षभर मला कुणी विचारलं नाही.

मग साताऱ्याची शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली. सरावाच्या पेपरात वेळ संपली तेव्हा अंकिताचे निम्मे प्रश्न ऐकायचेच राहिले होते. संयोगिताचा धीर सुटला. पोरीला एवढा ताण नको, यंदा राहू दे, असं तिनं घरात सांगूनही टाकलं.

त्याच दुपारी अंकितानं मला शोधून काढलं. गोड आवाज पळवला की त्याचे शब्द एकमेकांत मिसळायचे. माझे सुटे राहतात. तिनं मला नव्वदवर नेलं. मी सुसाट सुटलो, तशी संयोगिता धावत आली.

"अगं, बिघडलाय तो. बंद कर."

"तुला कळंना म्हणून बिघडला व्हय, आई?"

लेकीनं कधी न वाचलेला धडा संयोगितानं लावला. मी तो दोन मिनिटांत संपवला. अंकितानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. संयोगिता पडद्यावर बोट ठेवून ताडून बघत होती, चूक सापडेना.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू शेजारी बसायचीस ना. तुला कळावं म्हणून."

संयोगितानं पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग उठून परीक्षेचा अर्ज भरायला बसली.

साताऱ्याला परीक्षेच्या खोलीत मांडणी करून द्यायला तीच आली होती. बोट सवयीनं वेग कमी करायला निघालं, आणि थांबलं.

"किती ठेवू गं?" इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच विचारलं.

"नव्वद."

दार बंद झालं. संयोगिता बाहेर बाकावर बसली. तिला आज माझा एक शब्दही ऐकू येणार नव्हता. मी शेवटच्या प्रश्नाशी पोचलो तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. अंकितानं मला पुन्हा पहिल्या प्रश्नावर नेलं.

मित्रांनो, मला तेलपाणी लागत नाही, पुसावंही लागत नाही. ज्याच्या कानासाठी मी आहे, त्याला मात्र एकदा विचारा, किती ठेवू.